एकवीस खुंट्या

कौमुदीने ओला टॉवेल तंबोऱ्यावर वाळत टाकला, तेव्हा निरंजन आवटीला पहिल्यांदा कळलं की काहीतरी बिघडलंय.

तो तंबोरा हेमांगीचा होता. हेमांगी म्हणजे निरंजनची बायको, कौमुदीची आई. तीन वर्षांपूर्वी गेली. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका कारखान्यात ती तंबोऱ्यांना जवारी लावायची. घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, पाठीवर कानस फिरवत, तारेखाली सुताचा धागा मागेपुढे सरकवत ती मुक्या तारेला घुमायला लावायची. तिच्या मागे घरात त्या तंबोऱ्याला कुणी हात लावत नसे. त्याच्याजवळ चहाचा कप ठेवला तरी कौमुदी अंगावर धावून यायची. आणि आज सकाळी साडेआठ वाजता ही सतरा वर्षांची मुलगी शीळ घालत न्हाणीघरातून आली आणि त्याच्या भोपळ्यावर खुशाल टॉवेल पसरून मोकळी झाली.

“अगं, टॉवेल!” निरंजन ओरडला.

“वाळेल की.”

“आईचा तंबोरा आहे तो.”

“हो का? मग वर माळ्यावर ठेवायचा ना कुठेतरी,” ती म्हणाली आणि पोह्यांची दुसरी ताटली घेऊन बसली.

निरंजन तिच्यासमोर जाऊन बसला. भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून त्याने विचारलं, “ही कोण?”

कौमुदीने घास न थांबवता वर पाहिलं. “आई. हेमांगी निरंजन आवटी. काय बाबा, परीक्षा घेताय का?” उत्तर बरोबर होतं. पण तहाचं साल सांगावं तसं सांगितलं होतं तिने. गेली तीन वर्षं त्या फोटोकडे पाहिलं की ती ताटली बाजूला सारायची. आज ती लिंबू पिळत होती.

“तिच्याबद्दल काहीतरी सांग मला. काहीही.”

तिने प्रामाणिकपणे विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या, खिडकीबाहेर पाहिलं. “माहीत नाही. म्हणजे, आजारी होती ना? तुम्हीच सांगा ना,” ती म्हणाली.

मग तिने आनंदाची बातमी दिली. आज सकाळी सात वाजता तिने खेळातलं आपलं पीठ बदललं होतं. “धारणपीठ सोडलं मी. रिक्तपीठात गेले. काय मोकळं वाटतंय बाबा!”

पीठ बदलण्याचा नियम निरंजनने स्वतः लिहिला होता.

‘विद्याद्वीप’ हा खेळ पुण्यातल्या ज्या चमूने बनवला, त्याचा निरंजन नियमकार. बेटावर मंत्रविद्येची दोन पीठं. मराठी माणसाला दोन तट पाडल्याशिवाय खेळही गोड लागत नाही, हे तो पक्कं ओळखून होता. धारणपीठ म्हणायचं, विद्या साठवावी. तिथे प्रत्येक मंत्र आपल्या स्वतःच्या एखाद्या ठळक आठवणीला टांगायचा. त्या आठवणीला खुंटी म्हणत. आठवण मोठ्याने सांगायची, वास, रंग, आवाज यांसकट, आणि मग तिला मंत्र अडकवायचा. आठवण जितकी खोल, तितका मंत्र जोरकस. रिक्तपीठ म्हणायचं, साठवलेली विद्या शिळी. रित्या माणसालाच मंत्र ऐन वेळी सुचतो. दोन्ही पीठांचे विद्यार्थी एकमेकांवर चढाया करायचे, आणि बेटाबाहेरही एकमेकांच्या नावाने बोटं मोडायचे. एका पीठातून दुसऱ्यात वर्षातून एकदाच, मोठ्या चढाईच्या सकाळी, जाता येई, आणि अट एकच: आधीची विद्या अर्पण करायची. सोडणाऱ्याची विद्या मागे राहणाऱ्यांत वाटली जाई.

ही कल्पना त्याला हेमांगीकडून मिळाली होती. तिच्या कारखान्यात रीत होती की कारागीर दुसरीकडे जायला निघाला की आपली कानस फळीवर ठेवून जायचा, राहिलेल्यांनी वापरावी म्हणून. निरंजनला हे फार सुंदर वाटलं होतं. रविवारी दुपारी त्याने ते ऐकलं आणि सोमवारी पुण्याला जाऊन नियमात घातलं.

दोन महिन्यांपूर्वी खेळात स्मरणपट्टा आला. कपाळाला बांधायचा मऊ पट्टा. ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या बारीक लहरी तो मेंदूत सोडायचा आणि शिकलेलं घट्ट करायचा. मुलं विज्ञानाची सूत्रंसुद्धा मंत्र म्हणून पाठ करू लागली, पालक खूश झाले, शाळांनी मागणी नोंदवली. पट्ट्यासाठी खेळ नव्याने बांधताना निरंजनसमोर एक कागद आला होता: नियमांत काही बदल? त्याने न वाचता लिहिलं होतं: जुनेच पुढे चालू.

त्याने ऋजुताला फोन लावला. ऋजुता पट्ट्याच्या कामाची मुख्य होती, त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याचं बोलणं चालू असतानाच पलीकडे तिची बोटं कळफलकावर भराभर चालू लागली, आणि तेवढ्यानेच त्याला कळलं की गोष्ट गंभीर आहे.

“सर, आठवण वर काढली की ती काही तास ओली असते,” ती म्हणाली. “त्या वेळात ती घट्ट करता येते किंवा पुसता येते. अर्पण करताना विद्यार्थी मंत्र एकेक करून म्हणतो ना? म्हणजे खुंटी वर येते. मग खेळ सांगतो, सोड. पट्ट्याला मंत्र कुठला आणि खुंटी कुठली ते कळत नाही. तो दोन्ही सोडवतो.”

“तिचे एकवीस मंत्र होते. सगळे आईच्या आठवणींवर. पण आईच्या आठवणी काय एकवीसच असतात?”

“मुख्य खांब तेवढेच असतात सर. बाकीच्या त्यांच्या आधाराने उभ्या असतात.”

“मग परत घाला! कुठेतरी नोंद असेलच ना?”

“आपणच जाहिरात केली होती,” ऋजुता म्हणाली, “की तुमच्या आठवणींची प्रत आम्ही ठेवत नाही. आणि खरंच ठेवत नाही. मी आत्ताच अर्पण बंद केलंय. पण सर, सकाळपासून एकशे चाळीस जणांनी पीठ बदललंय.”

एकशे चाळीस घरं. निरंजनला त्यांचा विचार करायचा नव्हता. त्या क्षणी त्याला जगात एकच घर होतं. “किती वेळ आहे?” त्याने विचारलं.

“साधारण सहा तास ओलं राहतं. सातला झालंय म्हणजे एक वाजेपर्यंत. तोवर कुणी त्या आठवणी तिला जिवंत करून सांगितल्या, अगदी बारीकसारीक, तर धागा लागू शकेल. लागेलच असं नाही. पट्टा मात्र बांधू नका तिला, हात जोडते. एक वाजल्यानंतर सगळं वाळेल.”

घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

निरंजन कौमुदीजवळ बसला आणि सांगू लागला. “तुझी आई फार चांगली होती.” कौमुदीने मान डोलावली. “खूप कष्टाळू. तुझ्यावर फार जीव होता तिचा.” तिने पुन्हा मान डोलावली, पाहुण्यांसमोर डोलावतात तशी. तो पुढचं आठवू लागला. त्याच्याजवळ पुढचं नव्हतंच. तो आठवड्याचे पाच दिवस पुण्यात असायचा. शुक्रवारी रात्री यायचा, रविवारी दुपारी जेवून झोपायचा. कौमुदीचं आणि हेमांगीचं जे काही होतं ते मधल्या पाच दिवसांत होतं. हेमांगीची आवडती भाजी त्याला सांगता आली. तिच्या चपलेचा नंबर सांगता आला. ती मुलीला झोपवताना काय म्हणायची, ते त्याला ठाऊक नव्हतं. बेटावरच्या सत्तर गावांची नावं त्याने रचली होती, आणि ही एवढी एक गोष्ट त्याला सांगता येईना. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

“बाबा, रडू नका ना,” कौमुदी म्हणाली. तिने मायेने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “खरं सांगू? धारणपीठात फार जड व्हायचं मला. प्रत्येक मंत्राला रडू यायचं. आता भूक लागते, झोप लागते. तुम्हाला नाही का बरं वाटत?”

त्याला क्षणभर वाटलंही. पोर तीन वर्षांनी पोटभर जेवली होती. राहू द्यावं का असंच? मग त्याची नजर टॉवेलवर गेली. पाण्याचा थेंब भोपळ्यावरून हळूहळू खाली ओघळत होता, आणि तो पुसायला तिचा हात पुढे होत नव्हता. तो उठला.

आठवणी आता कुणाजवळ होत्या, ते त्याच्याच नियमात लिहिलेलं होतं. मागे राहिलेल्यांजवळ.

तो नुसता खेळाचा चष्मा डोळ्यांवर चढवून बेटावर शिरला. पट्टा बांधायची त्याची छाती झाली नाही. धारणपीठाचं पटांगण खच्चून भरलं होतं. दुपारी बारा वाजता रिक्तपीठावर वर्षातली मोठी चढाई होती आणि साडेतीन हजार विद्यार्थी रांगा लावून मंत्र घोकत होते. ओट्यावर आचार्य स्थाणू बसले होते, पांढऱ्या दाढीचे, शांत. ते माणूस नव्हते. पीठाचा कारभार पाहणारी ती खेळातली यंत्रबुद्धी होती. त्यांची दाढीही निरंजननेच ठरवली होती.

“आचार्य, आज सकाळी एका मुलीने एकवीस मंत्र अर्पण केले. ते मला परत हवेत.”

“अर्पण झालं ते पट्ट्यांतून थेट वाटलं गेलं,” आचार्य म्हणाले. “एकेका खुंटीचं दर्शन दीडशेहून अधिक विद्यार्थ्यांना घडलं. त्यांनी ते मनात धरलं. आता त्या त्यांच्या खुंट्या आहेत.”

“त्या माझ्या मुलीच्या आठवणी आहेत!”

“होत्या. नियम तुमचा आहे, नियमकार. तो बदलण्याचा अधिकार मला तुम्ही दिलेला नाही.”

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. स्वतःच बांधलेल्या भिंतीवर डोकं आपटण्यातला प्रकार. निरंजन ओट्यावर चढला आणि त्याने सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असा आवाज मोठा केला.

“ऐका! मी निरंजन आवटी, या खेळाचा नियमकार.”

पटांगणात खसखस पिकली. दर आठवड्याला कुणीतरी इथे येऊन आपण नियमकार असल्याचं सांगतच असे. त्याने जीव तोडून सगळं सांगितलं: पट्टा, खुंट्या, कौमुदी, एक वाजेपर्यंतची मुदत. “तुमच्यापैकी ज्यांना आज सकाळी एक बाई दिसली असेल, तंबोरा मांडीवर घेतलेली, त्यांनी फक्त माझ्या मुलीला तेवढं सांगा. फोनवर सांगा. एवढंच मागतोय.”

“ती फितूर ना? सकाळीच रिक्तवाल्यांना जाऊन मिळालेली?” कुणीतरी ओरडलं.

“खुंटी परक्याला सांगितली की मंत्र फुटतो,” दुसरा म्हणाला. “चढाईच्या दिवशी? चांगली युक्ती आहे हो रिक्तवाल्यांची!”

हाही नियम निरंजनचाच. दोन पीठांतली चुरस टिकावी म्हणून घातलेला. तो हात जोडून उभा राहिला. मधल्या रांगेतून एक मुलगी पुढे आली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, आणि म्हणूनच तो जास्त लागला. “तुम्ही तिचे वडील आहात ना? मग तुम्हीच सांगा की तिला. आमच्या डोक्यातलं कशाला मागता?”

“मी नव्हतो तिथे,” निरंजन म्हणाला.

कुणी हसलं नाही. पण कुणी पुढेही आलं नाही. तो रांगेरांगेतून फिरला. तो एकेकाला विचारत होता आणि एकेक जण तोंड फिरवत होता. काहींच्या डोळ्यांत ती बाई होती, हे त्याला त्यांच्या नजर चुकवण्यावरून कळायचं. अकरा वाजले. बारा वाजता शिंग फुंकलं गेलं आणि साडेतीन हजार विद्यार्थी त्याच्या अंगावरून रिक्तपीठाकडे धावत सुटले. पलीकडच्या डोंगरावर आगीचे लोळ उठू लागले. त्यातले कितीतरी त्याच्या बायकोच्या आठवणींच्या बळावर उठत होते, आणि त्याला एकही ओळखता येत नव्हता.

मोकळ्या पटांगणात एक विद्यार्थी मागे राहिला होता. भगव्या उपरण्यातला तरुण योद्धा. पण आवाज आला तो म्हाताऱ्या माणसाचा.

“साहेब, मी सांगतो. पण माझ्याकडनं ते काढून घेणार नाही, असं आधी कबूल करा.”

बारा वाजून वीस मिनिटांनी आवटींच्या दिवाणखान्यातल्या पडद्यावर माणिकराव बिरादार दिसू लागले. राहणार उदगीर, वय एकसष्ट, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. भरघोस पांढऱ्या मिशा, अंगात बंडी. निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून नातवंडांच्या नादाने ते खेळात शिरले होते. कौमुदी समोर बसली, कुतूहलाने. निरंजन दाराची चौकट धरून उभा राहिला. आत जायची आपली लायकी आहे असं त्याला वाटेना.

“सांगा काका,” कौमुदी म्हणाली.

“बाळ, दुपारची वेळ हाय,” बिरादारांनी डोळे मिटले. “कारखान्यातले समदे जेवायला गेलेत. लाखेचा आन स्पिरिटचा वास भरलाय. माय भिताडाला टेकून बसलीय, तंबोरा मांडीवर. मी तिच्या पुढ्यात, तिच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून. तिच्या पातळाला निळा काठ हाय, त्याचा एक दोरा सुटलाय. ती तो दातानं तोडती आन माझ्या हातात देती. म्हनती, धर, तू लाव आज.”

कौमुदी ऐकत होती. निरंजनचं लक्ष तिच्या चेहऱ्यावर होतं. त्यावर काहीच हलत नव्हतं.

“मी दोरा तारंखाली सारतो. ती तार छेडती. मुका आवाज. म्हनती, अजून जरा मागं घे. घाई नको. पुन्हा छेडती. मी केसाएवढा सरकवतो. आन मग बाळा…” बिरादारांनी एक बोट वर धरलं. “मग ते एकदम उघडतंय. एका तारंतनं धा आवाज. माझ्या दातांत मुंग्या येतात. ती माझं बोट धरती, त्याचा मुका घेती, आन म्हनती, कमू, ह्यो बोलाय लागला बघ.”

निरंजनने तोंडात पदर कोंबावा तसा शर्टाच्या बाहीसकट हात तोंडात कोंबला. कमू. हे नाव त्याने घरात कधी ऐकलं नव्हतं. शनिवार-रविवारी ती कौमुदी असायची.

“कमू कोण?” कौमुदीने विचारलं.

“मीच की,” बिरादार डोळे पुसत हसले. “माझं नाव मानिक, पर आता कुनी कमू म्हनलं की मी वळून बघतो. बाळ, खरं सांगतो, मी दोन वर्साचा असताना माझी माय गेली. फोटूसुदिक नाही. साठ वर्सं मी लोकांच्या माया बघितल्या, तिकिटं फाडता फाडता. आज सकाळच्याला पैल्यांदा कळलं, माय जवळ बसली की कसं वाटतंय. मला ठाव हाय ही तुझी हाय. पर माझ्याकडनं न्हेऊ नको गं.”

“नाही नेणार काका,” कौमुदी म्हणाली.

घड्याळाचा काटा एकच्या अलीकडे पाच मिनिटांवर होता. निरंजनला दिसलं की तिचा अंगठा तर्जनीच्या टोकावर हळूहळू घासला जातोय, मागे, पुढे, पुन्हा मागे, बोटांत बारीकसं काहीतरी धरल्यासारखा. तिचं स्वतःचं लक्ष तिकडे नव्हतं. तो बघत राहिला. ऋजुता म्हणाली होती, धागा लागू शकेल. लागेलच असं नाही.

कौमुदी उठली. कोपऱ्यात जाऊन तिने तंबोऱ्यावरचा टॉवेल काढला आणि आपल्या ओढणीने भोपळा कोरडा केला, नीट, देठाजवळ पाणी साचलं होतं तिथेसुद्धा.

“असा ओला ठेवायला नको होता मी,” ती पडद्याकडे वळून म्हणाली. “चुकलं माझं. तुमच्या आईचा आहे ना हा?”

बिरादारांनी चौकटीतल्या निरंजनकडे पाहिलं, आणि निरंजनने मान खाली घातली.

कौमुदीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे, मग पुन्हा फोटोकडे. तिचे डोळे भरून आले होते आणि ते का, हे तिला कळत नव्हतं.

“काका,” तिने विचारलं, “मी अशी समोर जाऊन बसले असते, तर त्यांनी मला ओळखलं असतं का हो?”